रांग नसलेली गुलाबी चिठ्ठी

चौदा नंबरच्या खोलीवर पाटी नाही, नुसता आकडा आहे. शेजारच्या तेरावर 'क्ष-किरण' लिहिलंय, पंधरावर 'भांडार'. सव्वीस वर्षांपूर्वी चौदावरही 'गुप्तरोग विभाग' अशी हातभर लांब पाटी होती. तेव्हा दिवसाकाठी चार-पाच माणसं यायची, तीही दोनदा दारावरून पुढे जाऊन तिसऱ्यांदा आत शिरायची. थोरल्या डॉक्टरांनी एक दिवस स्वतः स्टुलावर चढून पाटी उतरवली आणि भांडारात टाकली. त्या आठवड्यापासून दिवसाला अकरा माणसं यायला लागली. "निम्मा रोग पाटीत होता," डॉक्टर म्हणाले.

ती खोली चालवणाऱ्या बाईंना दवाखान्यात सगळे चिठ्ठीबाई म्हणतात. नेमणुकीच्या कागदावर 'समुपदेशक' असा शब्द आहे, पण तो शिपायाला उच्चारता येत नाही आणि साहेबांना आठवत नाही. बाईंच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. उजवा गुडघा त्यांच्याआधीच निवृत्त झाला.

काम सांगायला सोपं आहे. डॉक्टरांनी तपासलेला माणूस बाईंसमोर येऊन बसतो आणि खाली बघतो. बाई विचारतात, गेल्या सहा महिन्यांत कुणाकुणाशी संबंध आला? तो म्हणतो, कुणाशीच नाही. बाई मान हलवतात, गुलाबी कागदांचा गठ्ठा पुढे ओढतात आणि गप्प बसतात. पाच मिनिटांनी त्याच्या तोंडून एक माणूस निघतो, दहा मिनिटांनी दुसरा. माणूस निघाला की त्याच्या वाट्याची एक चिठ्ठी फाटते.

चिठ्ठी तळहाताएवढी. तिच्यावर रोगाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. फक्त एक आकडा, दवाखान्याची वेळ, 'खोली चौदा', आणि खाली ठळक अक्षरांत: 'ही चिठ्ठी आणणाऱ्यास रांग नाही.' ती शेवटची ओळ बाईंची स्वतःची कल्पना. ज्याला कुठे दुखत नाही की खुपत नाही, त्याने दोन तास रांगेत का उभं राहावं? आणि हे रोग पसरतात ते बहुतेक अशाच न दुखणाऱ्या माणसांतून. ज्याला ठणकतं तो आज ना उद्या दवाखाना गाठतोच. ज्याला काही होत नाही तो घरी मजेत असतो, आणि घरी एकटा नसतो.

त्यांच्या वहीत नावांऐवजी वर्तुळं असतात. आलेला माणूस एक वर्तुळ, त्याने सांगितलेली माणसं दुसरी वर्तुळं, मध्ये रेघा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात बाईंनी रेघांना बाण काढले होते, याच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून त्याच्याकडे. थोरल्या डॉक्टरांनी खोडरबर मागवलं.

"कुणाकडून कुणाकडे गेलं ते तुला दिसलं? खाटेखाली बसली होतीस?"

बाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. लाजून मेल्या.

"रेघ काढ, बाण नको," डॉक्टर म्हणाले. "बाण काढलास की लोक टोकाकडच्याला सोडतात आणि शेपटीकडच्याला बडवतात. आपल्याला दोघांना सुई टोचायची आहे."

डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली. बाईंच्या वहीत अजून बाण नाही.

घरी बाईंचे यजमान आहेत, सेवानिवृत्त, आणि यजमानांची बहीण आहे. यजमान शेजाऱ्यांना सांगतात, "ही त्वचेच्या विभागात असते." नणंदेला खरं ठाऊक आहे आणि तिने त्यावर स्वतःची व्यवस्था लावली आहे. वहिनीचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला. वहिनीची पर्स स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर.

"अगो, टॉवेलने नाही होत ते," बाईंनी किती वेळा सांगितलं असेल. "ताटाने नाही, खुर्चीने नाही, संडासाने नाही. त्याला तसाच जवळचा संबंध लागतो. नाहीतर आईच्या रक्तातून पोटातल्या पोराला."

"असेल बाई," नणंद म्हणते, "पण खिळा मोकळाच आहे तर लाव की तिथे."

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. आता बाई सांगत नाहीत. येतात, पर्स बाहेर ठेवतात, वेगळ्या टॉवेलला हात पुसतात, खुर्चीत बसून गुडघ्याला तेल लावतात.

दोनशे एकतीस नंबरचा माणूस आला तो हात दाखवायला. लिफ्ट बसवणारा, तिशीतला, नखांत काळं ग्रीस. त्याच्या तळहातांवर तांबूस डाग उठले होते, खाजत नव्हते. कामावरच्या मुकादमाने सांगितलं, ग्रीसची ॲलर्जी आहे, हातमोजे घाल. त्याने पंधरा दिवस हातमोजे घातले. मग तसेच डाग तळपायांवर दिसले, आणि पायाने तर तो ग्रीस लावत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी खाली एखादा फोड आला होता का, न दुखणारा? आला होता. आपला आपण गेला, म्हणून तोही विसरला. रक्त तपासलं, सिफिलिस निघाला. जुनी माणसं गरमी म्हणतात तो.

"हात दाखवून अवलक्षण," तो बाईंसमोर बसून म्हणाला आणि स्वतःच हसला. हसू अर्ध्यावर सुकलं.

"सुई घेतलीत ना? मग तुमचं काम झालं. आता बाकीच्यांचं," बाई म्हणाल्या. "लग्न झालंय?"

"हो."

"बायको कशी आहे?"

"बरी आहे. सातवा सरला. आठवा लागला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि तारीख विचारली. बाळंतपणाला नऊ आठवडे होते.

"ऐका नीट," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोला हे असेल तर ते पोटातल्या बाळाला जातं. मूल दगावू शकतं, नाहीतर रोग घेऊन जन्माला येतं. पण तिला सुई दिली तर बाळालाही आतल्या आत औषध मिळतं. एकच अट, बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी. म्हणजे तुमच्या हातात महिनाभर आहे, त्यातला आजचा दिवस गेला."

"तिचं रक्त तपासलंय. तिसऱ्या महिन्यात. चांगलं निघालं."

"तिसऱ्या महिन्यात तुम्हाला तरी कुठे होतं?"

मग दुसरं वर्तुळ निघालं. तीन तासांवरच्या गावात मोठी इमारत उभी राहत होती, तिथे लिफ्ट बसवायला तो महिना-महिना राहायचा. जेवायला एका खानावळीत जायचा. खानावळवालीचा नवरा वारला होता.

बाईंनी दोन चिठ्ठ्या फाडल्या. २३१-१, २३१-२.

"बायकोला काय सांगू?"

"खरं सांगा. नाही जमलं तर फक्त चिठ्ठी द्या आणि घेऊन या. तुम्ही हो म्हणालात तर मी सांगेन, तुमच्यासमोर. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमचं नाव काढणार नाही. पण आणा. आणि तोवर जवळ जाऊ नका."

"उद्याच आणतो," लिफ्टवाला म्हणाला. जाताना त्याने दवाखान्याच्या बंद लिफ्टकडे सवयीने बघितलं आणि शिपायाला म्हणाला, "दोर कोरडा पडलाय हो." मग जिन्याने उतरून गेला.

उद्या कुणी आलं नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी एक चिठ्ठी आली, पण २३१-२. खानावळवाली. चाळिशी ओलांडलेली, हातात डब्याची पिशवी, कपाळावर घाम.

"त्यांनी फोन केला, तिकडच्या माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली, म्हणून आले," ती म्हणाली. "तीन तास बसमध्ये उभ्याने. इथे तरी बसू का?"

तिचंही रक्त तसंच निघालं. तिला कधी काही झालं नव्हतं, ना फोड, ना डाग. सुई घेऊन ती लंगडत परत आली आणि विचारलं, "बाई, मग हे माझ्याकडून त्यांना, की त्यांच्याकडून मला?"

"माहीत नाही. सुई दोघांना एकच."

"म्हणजे सुईला अक्कल नाही."

"आहे. चौकश्या करत नाही."

खानावळवाली हसली. आणखी कुणी, असं विचारल्यावर तिने खिडकीकडे बघत सांगितलं, "एक होता, त्याआधी. त्याचा पत्ता मला ठाऊक नाही. त्यालाही नसेल." बाईंनी एक वर्तुळ काढलं आणि रिकामं ठेवलं. जिला सगळं जग आधी बोल लावेल ती बाई पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर झाली होती. हे बाईंना नवीन नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांनी हे इतक्या वेळा बघितलं होतं की आता त्याचं कौतुक करायचंही राहून जायचं.

चौदा नंबरचा एक रिवाज होता. दहाव्या दिवसापर्यंत चिठ्ठी आली नाही तर फोन, पंधराव्या दिवशी घरी. दहाव्या दिवशी बाईंनी फोन केला. "साइटवर आहे मॅडम, आलो की आणतो, चिठ्ठी घरी दिलीय," लिफ्टवाला म्हणाला. घरी दिलीय म्हटल्यावर बाईंना जरा हायसं वाटलं. पंधराव्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीला अहवाल द्यायचा होता. अहवालात साठेक चिठ्ठ्यांचा हिशेब होता, मदतनीसाची जागा दीड वर्ष रिकामी होती, आणि त्या दिवशी सकाळी गुडघा जिन्यावर अडला. बाई बैठकीला गेल्या. सोळाव्या दिवशी पुन्हा फोन केला, तो लागला नाही. सतराव्या दिवशी खोलीबाहेर चाळीस माणसं होती. आज जाऊ, उद्या जाऊ, असं झालं. कामाच्या रगाड्यात माणूस कसा चुकतो हे बाई दुसऱ्यांना समजावून सांगायच्या. ते खरंही होतं.

एकविसाव्या दिवशी एक म्हातारी थेट दारात आली. रांगेतल्या लोकांना कोपराने बाजूला सारत, हातात गुलाबी चिठ्ठी झेंड्यासारखी धरून.

"सरका, सरका! आम्हाला रांग नाही. लिहिलंय बघा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवते."

"आजी, आम्ही काय हौस म्हणून उभे आहोत?" रांगेतला एक जण करवादला.

"ओळखी लागतात बाबा त्याला," म्हातारी म्हणाली, आत आली, खुर्चीत बसली आणि दोन्ही गुडघे पुढे करून थोपटले. "हे बघा बाई. डावा जास्त आहे. जिना चढवत नाही."

बाईंनी चिठ्ठी हातात घेतली. घडीच्या रेघेवर मऊ पडली होती. २३१-१.

"ही कुठे मिळाली आजी?"

"मुलाच्या शर्टात. धुवायला घेताना खिसे बघते मी, नाहीतर काय काय धुतलं जातं. विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, आई, ती दवाखान्याची आहे, रांगेशिवाय नंबर लागतो, ओळखीतून मिळाली. मी म्हटलं, इतकी वर्षं त्या लिफ्टा वर-खाली केल्यास, एकदा तरी आईच्या गुडघ्यांचा विचार केलास. ठेवून घेतली. नात्यातलं एक लग्न आटोपू दे म्हटलं, मग जाऊ सावकाश. चांगली गोष्ट लगेच वापरून टाकू नये."

बाईंनी शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला. ती रांगेची ओळ त्यांनी स्वतः घातली होती, मोठ्या साहेबांशी भांडून. आणि ती ओळ पंधरा-सोळा दिवस म्हातारीच्या पाकिटात अभिमानाने बसून होती.

"आजी, ही चिठ्ठी तुमची नाही. सुनेची आहे. आठव्या महिन्यात पुन्हा रक्त बघायचं असतं."

"तिचं बघून झालंय. चांगलं निघालं. आधीच तिच्या अंगात रक्त नाही, त्यात तुम्ही नळ्या भरभरून घेणार. मुलाचं म्हणाल तर तो दणकट आहे हो, त्याला सर्दी म्हणून होत नाही."

"घरी आहे तो?"

"कालच आला. झोपलाय."

बाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. मग त्यांनी सव्वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्यांनी वशिला लावला. हाडांच्या डॉक्टरांना फोन करून म्हणाल्या, परवा एक आजी पाठवते, रांगेत उभं करू नका. फोन ठेवून म्हातारीला म्हणाल्या, "परवा या. तुमच्या गुडघ्यांना रांग नाही. पण सुनेला आणि मुलाला बरोबर आणायचं. तिघे आलात तरच."

"आणते की," म्हातारी म्हणाली. "त्यात काय! बसून बसून तरी काय करते ती."

संध्याकाळी लिफ्टवाल्याचा फोन लागला.

"तुमची आई येऊन गेली," बाई म्हणाल्या.

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"गुडघे दाखवायला."

"मी... मॅडम, तिने हातात चिठ्ठी धरून विचारलं हो. समोर बायको उभी. तोंडाला आलं ते बोललो."

"आणि मग बायकोला काय सांगितलंत?"

"काहीच नाही. म्हटलं आईकडून परत मिळाली की..."

"आईकडून ती मिळाली असती तेव्हा तुमचं पोर शाळेत गेलं असतं. परवा या. मी सांगू का तुम्ही?"

तो म्हणाला, "तुम्हीच. मला नाही जमायचं."

तीनही जण आले. म्हातारी हाडांच्या डॉक्टरांकडे रवाना झाली, जाताना दोघा-तिघांना आपण कुणाच्या ओळखीने चाललोय ते ऐकवत गेली. सून खुर्चीत बसली. पंचवीस-सव्वीसची असेल. घरी बसून बुटांची खोकी चिकटवायची, बोटांची टोकं खळ वाळून पांढरी झाली होती. लिफ्टवाला भिंतीशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

बाईंनी सांगितलं. हे सांगायची त्यांची एक पद्धत आहे, आवाज न चढवता, न उतरवता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. रोगाचं नाव, सुईचं नाव, बाळाचं काय, किती दिवस. सून ऐकत होती आणि नखाने बोटावरची खळ खरवडत होती.

"टॉवेलने होतं का हे?" तिने विचारलं. "सासूबाईंचा आणि माझा एकच आहे."

"नाही. टॉवेलने नाही."

"मग भांड्यांनी?"

"नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. "मग कुणाकडून?"

"रक्त तेवढं सांगत नाही," बाई म्हणाल्या. "आहे की नाही एवढंच सांगतं."

"चार वर्षं झाली लग्नाला," सून म्हणाली. "गल्लीच्या टोकाच्या पलीकडे मला एकटीला कुणी सोडलेलं नाही. रक्त नाही सांगत, बाई. गल्ली सांगते."

लिफ्टवाल्याने भिंतीवरचं वजनाचं कोष्टक वाचायला सुरुवात केली. बाईंनी वहीत काही लिहिलं नाही.

"सुई दुखते का?" सुनेने विचारलं.

"दुखते. दोन दिवस बसता येत नाही नीट."

"बरं झालं," ती म्हणाली. "खोकी दोन दिवस बंद."

रक्त तसंच निघालं. सुई त्याच दुपारी दिली. बाळंतपणाला चाळीस दिवस होते. तीसच्या वर दहा. बाईंनी त्या संध्याकाळी घरी जाऊन गुडघ्याला तेल लावलं आणि नणंदेने विचारलं तेव्हा "आज बरं आहे," असंही म्हणाल्या.

पण पोरांना तारखा कळत नाहीत. सुनेला चौदा दिवस आधीच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, पावणेतीन किलोचा, रडका, दिसायला धडधाकट. सुईला सव्वीस दिवस झाले होते.

बाळांच्या वॉर्डातल्या नव्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "तीसच्या आत आहे. आईच्या औषधावर विसंबता येणार नाही. बाळाला दहा दिवस रोज सुई." ते निघून गेले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता आणि ते बरोबरच होतं, दहा दिवसांत बहुतेक बाळं नीट होतात.

बाई वॉर्डच्या दारात उभ्या होत्या. एकविसाव्या दिवशी म्हातारी आली, तेविसाव्या दिवशी सून. पंधराव्या दिवशी आपण त्या घरी गेलो असतो तर फार तर अठराव्या दिवशी सून आली असती. सव्वीस आणि पाच, एकतीस. त्यांनी दुसऱ्यांदा बेरीज केली नाही. साधी बेरीज होती.

एवढ्याशा मांडीला रोज सुई. पोर किंचाळायचं, सून भिंतीकडे तोंड करायची, म्हातारी डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. चौथ्या दिवशी ती चौदामध्ये आली. लिफ्टवाला मागोमाग आला, तिला थांबवायला.

"बाई, तुम्ही खरं बोलता असं वाटतं म्हणून विचारते," म्हातारी म्हणाली. "माझ्या नातवाला कसल्या सुया? बाकीची पोरं दोन दिवसांत घरी गेली. आमचंच काय बिनसलंय? मला कुणी ताकास तूर लागू देत नाही."

"ते मी नाही सांगू शकत," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलाला विचारा. तो इथेच आहे."

म्हातारी वळली. लिफ्टवाला दाराच्या चौकटीत होता. मागे रांग, पुढे आई. वर जाता येईना, खाली येता येईना.

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

"काय तुझ्यामुळे?"

"मला रोग होता. बाहेरच्या गावी असताना झाला. माझ्याकडून तिला, तिच्याकडून बाळाला."

म्हातारीने त्याच्याकडे वर-खाली बघितलं आणि हात झटकला. "गप्प बस. बायकोला पाठीशी घालायला निघालाय. मला कळत नाही होय? दिवसभर घरात एकटी असते ती..."

"तुम्ही असता की घरात, आजी," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या. असं बोलणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

दिवसभर सून कुठे असते हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं.

"आई," लिफ्टवाला म्हणाला, या वेळी हळू, "मीच. ती चिठ्ठी तिच्यासाठी होती. तुझ्या गुडघ्यांची नव्हती. ती वेळेत तिला दिली असती तर बाळाला सुया लागल्या नसत्या."

म्हातारी खुर्चीत बसली. तिने पाकीट मांडीवर घेतलं, उघडलं, आत बघितलं, बंद केलं. चिठ्ठी आता त्यात नव्हती, पण जिथे होती ती जागा तिला माहीत होती.

"सांगायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तू माझ्यासाठी आणलीस."

बाईंनी वही उघडली आणि मिटली. पंधराव्या दिवसाचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते सांगून म्हातारीचा भार हलका झाला असता की त्यांचा स्वतःचा, हे त्यांना ठरवता येईना. इतक्यात दारातून कुणीतरी विचारलं, "बाई, आमचा नंबर?" आणि ते राहिलं.

दहाव्या दिवशी पोराला घरी सोडलं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं, मग सहा महिन्यांनी. जाण्याआधी म्हातारी चौदाच्या दाराशी आली. या वेळी रांगेतून आली, पाऊण तास उभी राहून. गुडघ्यावर पट्टा होता.

"सून येत नाही म्हणाली तुमच्याकडे. माझ्याशी बोलते, त्याच्याशी नाही. माझ्याशी तरी का बोलते देव जाणे," ती म्हणाली. आवाजात धार नव्हती. "बाई, तीन महिन्यांनी पोराला घेऊन यायचंय. एवढ्याशा जिवाला रांगेत कुठे धरू? ती गुलाबी चिठ्ठी आहे का अजून?"

बाईंनी गठ्ठा पुढे ओढला. पोराला गुडघे दाखवायचे नव्हते, चिठ्ठी त्याच्या हक्काचीच होती. त्यांनी आकडा घातला, २३१-३, आणि तारीख घातली. मग जरा विचार करून पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फक्त बाळासाठी.'

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"येतं मला वाचता," म्हातारी म्हणाली. चिठ्ठी दुमडून तिने पाकिटात ठेवली आणि जिन्याकडे निघाली. लिफ्ट बंदच होती.

बाईंनी वहीत एक छोटं वर्तुळ काढलं, सुनेच्या वर्तुळापर्यंत रेघ ओढली, पेनाचं टोक तिथे क्षणभर टेकवलं आणि बाण न काढताच उचललं.

"पुढचा," त्या म्हणाल्या.